ड्रायक्लीनिंगचं दुकान टाकताय? मशीन सगळ्यात शेवटी घ्या

ड्रायक्लीनिंग सुरू करायचं म्हटलं की लोक आधी मशीनचे भाव काढत बसतात. माझं म्हणणं, पहिलं वर्षभर मशीनचा विषयच नको. गावात कुणाचा तरी प्लांट असतोच, त्याच्याशी नगावर रेट ठरवा आणि तुम्ही फक्त काउंटर उघडा, धुवायला त्याच्याकडे पाठवा पण इस्त्री मात्र स्वतःच्या हातात ठेवा, कारण गिऱ्हाईक कपडा घेताना आधी इस्त्रीच बघतं.

कागदपत्रं फार नाहीत. कामाला मोजकीच माणसं असतील तर शॉप ॲक्टची ऑनलाइन सूचना दिली की झालं, छोट्या धंद्यांची सरकारी उद्यम नोंदणी फुकट होते (एजंटला पैसे देऊ नका उगाच), वर्षाची उलाढाल २० लाखाच्या आत असेपर्यंत साधारण जीएसटीची गरज पडत नाही, आणि लाइटचं मीटर कमर्शियल घ्या.

आता खरं काम काउंटरवर. कपडा घेतला की तो गिऱ्हाइकासमोरच उजेडात पूर्ण उघडायचा, खिसे तपासायचे, बटणं मोजायची, कुठे विरलंय, कुठे डाग आहे ते पावतीवर लिहायचं आणि त्याच नंबरचा कापडी टॅग कपड्याला लावायचा. हे मी सुरुवातीला लाजेपायी करायचो नाही, एका शेरवानीचं आधीच फाटलेलं अस्तर माझ्या माथी आलं, भरून द्यावं लागलं. आणि एक प्रश्न न चुकता विचारायचा, "यावर काही सांडलंय का?" कोल्ड्रिंक किंवा सरबत वाळलं की दिसत नाही, पण त्यातली साखर गरम इस्त्रीखाली पिवळी-तपकिरी होते, मग गिऱ्हाईक म्हणतं तुम्हीच जाळलं.

ड्रायक्लीनिंग म्हणजे कोरडं वगैरे काही नसतं, पाण्याऐवजी सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे तेलकट डाग विरघळवणाऱ्या रसायनात, धुतात एवढंच. तूप, तेल, लिपस्टिक त्यात छान निघतं. घाम, चहा, सरबत त्याने निघत नाही, ते आधी हाताने थोड्या पाण्याने काढावं लागतं, आणि यालाच खरं कसब लागतं, म्हणून प्लांटवर महिनाभर नुसतं डाग काढणाऱ्या माणसाशेजारी उभे राहा. हळदीला साबण लागला की ती लाल होते, घाबरू नका, सुती कपडा असेल तर धुऊन उन्हात टाका, बरीचशी उडते, पण सिल्क उन्हात अजिबात नाही, हळदीआधी रंगच जाईल.

पैठणी, शालू सुरुवातीला घ्यायचेच असतील तर जपून, जरीवर थेट इस्त्री नको, मधे सुती कापड ठेवा. टिकल्या आणि फॅन्सी बटणं पर्कमध्ये (ड्रायक्लीनिंगचं एक सॉल्व्हंट) विरघळू शकतात, गोंदाने चिकटवलेलं वर्क सुटतं, एखादी टिकली आधी त्यात बुडवून बघा.

मशीन घ्यायची वेळ आलीच तर सॉल्व्हंट नीट समजून घ्या. टर्पेंटाइन स्वस्त पडतं पण पेट घेतं, ते आणि इस्त्री एका खोलीत ठेवायचंच नाही. पर्क पेटत नाही पण त्याची वाफ हवेपेक्षा जड, खाली साचते, डोकं गरगरतं, म्हणून एक्झॉस्ट फॅन जमिनीलगतही हवा. प्रदूषण मंडळाची परवानगी लागते का तेही मशीनचा ॲडव्हान्स देण्याआधी विचारा, नंतर नाही.

धंदा लग्नसराईत जोरात, दिवाळीआधी पडद्यांचा, पावसाळ्यात थंड. त्या दिवसांत भाडं निघेल एवढी रोजची इस्त्री धरून ठेवा, सोसायटीतले शर्ट-पँट. लोक कपडे न्यायला येत नाहीत हा वेगळाच ताप, माझ्याकडे एक ब्लेझर दोन वर्षं लटकतोय. त्यामुळे निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि किती दिवसांनंतर जबाबदारी आमची नाही ते पावतीवर मोठ्या अक्षरात मराठीत छापा.