एफपीजीएवर संत्र्याचा रंग: पीडब्ल्यूएम पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

दरवर्षी थर्ड इयरचे पोट्टे विचारतात, भाऊ, व्हीएलएसआयमध्ये (चिप डिझाइनमध्ये) जायचंय, प्रोजेक्ट कोणता करू, आणि यूट्यूब पाहून मनात आधीच प्रोसेसर बनवायचं ठरवून आलेले असतात. माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो. एक आरजीबी (लाल-हिरवा-निळा) एलईडी घे आणि एफपीजीएने, म्हणजे जिच्या आतलं सर्किट आपणच ठरवतो त्या चिपने, त्यातून संत्र्याचा रंग काढून दाखव, बस. नागपुरात राहून संत्रा ओळखता येत नाही असं कोणी म्हणू शकत नाही, त्यामुळे चुकलं हे सांगायला सर लागत नाहीत, घरची आईसुद्धा सांगते की हे तर लिंबू दिसून राहिलं.

मूळ गोष्ट सोपी आहे. पिनवर एकतर ० नाहीतर ३.३ व्होल्ट, मधलं काही नाही, म्हणून एलईडी इतक्या पटापट चालू-बंद करायचा की डोळ्याला फक्त सरासरी दिसते, हाच पीडब्ल्यूएम (पल्स विड्थ मॉड्युलेशन). त्यासाठी एक काउंटर सतत फिरत राहतो आणि एक कम्पॅरेटर पाहतो की काउंटर ड्युटीपेक्षा (एका फेरीत किती वेळ चालू ठेवायचं तो आकडा) लहान आहे का, असला तर चालू नाहीतर बंद. आर्डुइनो ऊनोवर हे ॲनालॉगराइटच्या एका ओळीत होतं, बहुतेक पिनांवर ४९० हर्ट्झने, पण तिथे टायमर चिपच्या आत तयार बसलेला असतो, तुम्ही फक्त आकडा टाकता. एफपीजीएवर तो टायमरच तुम्हाला बनवायचाय, मजा तिथेच आहे. आणि तीन रंगांसाठी तीन काउंटर काहून लावता? काउंटर एकच, कम्पॅरेटर तीन.

बोर्ड कोणताही चालेल, मी टँग नॅनो ९के धरून सांगतो कारण स्वस्त आहे, त्यावर २७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे, त्याच्याच ठोक्यावर, म्हणजे क्लॉकवर, काउंटर पुढे सरकतो. बोर्ड ऑनलाइन मागवा, बाकी एलईडी, रेझिस्टर, ब्रेडबोर्ड बर्डीत (सीताबर्डीच्या बाजारात) एका चकरेत होऊन जातं. चार पायांच्या एलईडीत सगळ्यात लांब पाय कॉमन असतो, पण तो कॉमन ॲनोड की कॅथोड हे दुकानातच विचारून घ्या. ॲनोड असेल तर पिन ० केल्यावर एलईडी पेटतो, म्हणजे सिग्नल उलटा करावा लागतो, आणि तो उलटा करायचा टॉप मॉड्यूलमध्ये (डिझाइनच्या सगळ्यात बाहेरच्या भागात) अगदी पिनजवळ, आतल्या लॉजिकमध्ये नाही, नाहीतर चार दिवसांनी तुमचंच तुम्हाला कळणार नाही.

आता आकडे. ८ बिटचा काउंटर २५६ पायऱ्या मोजतो, २७ मेगाहर्ट्झ भागिले २५६ म्हणजे सुमारे १०५ किलोहर्ट्झ, इतक्या वेगाची एलईडीला काही गरज नाही. मग पोट्टे काय करतात, काउंटरचा एखादा बिट उचलतात आणि तोच क्लॉक म्हणून व्हेरिलॉगच्या (सर्किट लिहायच्या भाषेच्या) दुसऱ्या ऑलवेज ब्लॉकला लावतात. चालतं, दिसतंही बरोबर, पण इंटरव्ह्यूत समोरचा माणूस तिथेच पकडतो. क्लॉक एकच ठेवा आणि दर १०५ क्लॉकला एकदा वर येणारा एनेबल सिग्नल बनवा, तो आला की काउंटर एकने पुढे, झालं, साधारण १ किलोहर्ट्झ मिळतो. फरक डोळ्याने पाहायचा असेल तर मुद्दाम १०० हर्ट्झ करा, लाइट बंद करा आणि जळता एलईडी अंधारात झपकन हलवा, हवेत सलग रेघ न दिसता तुटक तुटक डॅश दिसतात.

एक बारीक खोच. काउंटर ० ते २५५ फिरला आणि ड्युटी २५५ दिली तरी एक पायरीभर एलईडी बंद राहतो, पूर्ण १०० टक्के कधीच मिळत नाही. काउंटर २५४ वरून शून्यावर आणा, मग ० म्हणजे पूर्ण बंद आणि २५५ म्हणजे पूर्ण चालू.

इतकं झाल्यावर संत्रा. नेटवर नारंगीचा कोड मिळतो: लाल २५५, हिरवा १६५, निळा ०. टाका, आणि पिवळट लिंबू हातात येतं. काहून? तो आकडा स्क्रीनसाठी आहे, आणि स्क्रीनच्या आकड्यात गॅमा (आकडा आणि उजेड यांच्यातलं वाकडं नातं) आधीच धरलेला असतो, तुमचा पीडब्ल्यूएम मात्र सरळ रेषेत चालतो. डोळ्याचंही तसंच, ड्युटी अर्धी केली तरी उजेड अर्धा वाटत नाही, बराच जास्त वाटतो. २.२ चा गॅमा लावला की १६५ चा ९८ होतो, १२८ चा ५६. हिरवा ९८ वर आणा आणि बघा, रंग एकदम संत्र्याकडे सरकतो. एफपीजीएत २.२ चा घात काढत बसायचं नाही, २५६ खणांचं टेबल पायथनने बनवायचं आणि रीडमेमएचने (व्हेरिलॉगच्या फाइल वाचायच्या कमांडने) मेमरीत भरायचं.

पण ८ बिटात गॅमा लावला की ० ते १४ हे सगळे आकडे शून्यच होतात, म्हणून हळूहळू उजळणारा इफेक्ट केला तर एलईडी आधी मेल्यासारखा पडून राहतो आणि मग टप्प्याटप्प्याने उड्या मारतो. उपाय १२ बिट. ४०९६ पायऱ्या, २७ मेगाहर्ट्झला साधारण ६.६ किलोहर्ट्झ, एनेबलचीही गरज उरत नाही. गंमत आहे ना.

रेझिस्टर तिन्ही रंगांना सारखे लावू नका. लाल साधारण २ व्होल्टला जळतो, हिरवा-निळा ३ च्या आसपास, ३.३ वर २२० ओहम लावले तर लालला सहाएक मिलिॲम्पिअर आणि निळ्याला दीडसुद्धा नाही. लालला ३३०, बाकी दोघांना १०० लावून सुरुवात करा, उरलेलं बॅलन्सिंग आकड्यांत. पिन १.८ व्होल्टच्या बँकेवर (एकाच व्होल्टेजवर चालणाऱ्या पिनांच्या गटात) नाही ना तेही आधी पाहा, तिथे निळा पेटतच नाही. आणि कॉलेजात आर्टी ए७ बोर्ड असेल तर त्याच्या मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलंय की तीनरंगी एलईडीला ५० टक्क्यांपेक्षा जास्त ड्युटी देऊ नका, डोळ्यांत खुपतो.

नवीन ड्युटी काउंटर मधेच असताना बदलू देऊ नका, काउंटर शून्यावर आला की मगच रजिस्टरमध्ये घ्या. नाहीतर एखादा पल्स लांबतो आणि फेड करताना मधेच चमक दिसते, ती शोधता शोधता रात्र जाते.

सिम्युलेशनसाठी इकारस व्हेरिलॉग आणि जीटीकेवेव्ह, दोन्ही फुकट. नुसत्या वेव्हफॉर्मकडे टक लावून बसू नका, टेस्टबेंचलाच (डिझाइन तपासणाऱ्या कोडलाच) मोजायला लावा: एका पिरियडमध्ये आउटपुट किती क्लॉक वर होता, तो आकडा ड्युटीइतका आला नाही तर एरर छाप. ०, १ आणि सगळ्यात मोठी व्हॅल्यू तिन्ही तपासा, बग तिथेच लपतात. रिझ्युमेवर हे टेस्टबेंच लिहा, एलईडी लावला हे नाही, कारण एलईडी सगळेच लावतात.

डेमोचा व्हिडिओ काढताना मोबाइलचं एक्सपोजर लॉक करा, नाहीतर कॅमेरा स्वतःच उजेड सांभाळत बसतो आणि एवढ्या मेहनतीचा फेड व्हिडिओत दिसतच नाही.