पायाला भिंगरी असलेल्यांनी हळू कसं व्हायचं

मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. मागच्या दिवाळीआधी एका कानाला फोन, दुसऱ्या हातानं व्हॉट्सअ‍ॅप, आणि तसंच गठ्ठ्यांवर लेबलं चिकटवली, तर हैदराबादचा माल हुबळीला. वाचवली पाच मिनिटं आणि निस्तरायला गेले चार दिवस. तेव्हापासून हळू व्हायला शिकतोय, त्यातलं जे जमलं तेवढंच सांगतो.

पहिल्याच दिवशी डोळे मिटून अर्धा तास ध्यानाला बसू नका. आपल्यासारखा माणूस गप्प बसला की डोक्यात लूम चालू होतो, खटखट खटखट. आधी पायांना काम द्या. मी सकाळी सिद्धेश्वर तलावाकडं जातो, मोबाईल घरी ठेवून. पहिली दहा मिनिटं जीव कासावीस होतो, हात सारखा रिकाम्या खिशावर जातो, जाऊ द्या. तो जायचा थांबला की मग वेग मुद्दाम कमी करायचा, इतका की ओळखीचा कुणीतरी विचारणारच, काय बे, पाय दुखायलाय का?

श्वासाचं सोपं आहे. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा, असं दोन-तीन मिनिटं. मध्ये धरून ठेवायची भानगड नको, आणि गरगरलं तर थांबा. मी सिग्नलला करतो, मागचा हॉर्न मारतोच, त्याला काय.

आता माझा आवडता उपाय, कडक भाकरी. हसू नका. मऊ पोळी तुम्ही उभ्याउभ्या गिळू शकता, कडक भाकरी नाही. तुकडा मोडायचा, शेंगाचटणीवर दही घालून कालवायचं, लावायचं, चावायचं, घाई केली तर टाळूला टोचते. समोर स्क्रीन नको, एवढी एकच अट. दिवसातलं एक जेवण असं करा, बाकीची नेहमीसारखी उरकली तरी चालेल, एकदम सगळं सुधारायला गेलात तर त्याचीच घाई होईल.

ऑफिसात हळू होणं म्हणजे काम कमी करणं नव्हे, मालक ऐकणार नाही. एका वेळी एक, बस. आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, नंदीध्वज पेलणारे बघा. उंच, जड काठी, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, सगळा तोल कमरेवर आणि हातांवर. तो माणूस चालताना दुसरं काही करतो का? आणि त्याचा सराव आधीपासून चालू असतो. तसं मी लेबलं लावताना फोन ड्रॉवरमध्ये टाकतो, मेसेज अकराला आणि चारला बघतो, ग्रुपची नोटिफिकेशनं बंद. ज्याचं खरंच अडलंय तो कॉल करतो. सुरुवातीला दोन पार्ट्या चिडल्या, मग त्यांनाही सवय झाली.

रोज जमत नाही हां. मार्चएंडला तर सगळं बोंबललं होतं, तलाव नाही, श्वास नाही, जेवण गाडीवर. एप्रिलमध्ये परत भाकरीपासून सुरू केलं.

काल जेवताना फोन वाजला, मी उठायच्या आत बायकोनं आत नेऊन ठेवला. भाकरी संपायला वीस मिनिटं लागली. नंतर बघितलं तर पर्सनल लोन हवंय का विचारणारा कॉल होता.