माउथगार्ड वापरताना या चुका टाळा

नागपूरच्या अल्फिया पठाणने 2021 साली पोलंडमध्ये झालेल्या युवा जागतिक बॉक्सिंग स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. त्या पातळीवर तोंडात माउथगार्ड, म्हणजे दातांवर बसवायचे संरक्षक आवरण, नसलेल्या खेळाडूला लढत सुरूच करता येत नाही. आपल्याकडच्या हौशी खेळात मात्र चित्र वेगळे आहे. बॉक्सिंग आणि तायक्वांदो या खेळांत नियमच असल्यामुळे गार्ड निदान किटबॅगेत तरी असते. कबड्डी, कुस्ती, फुटबॉल खेळणाऱ्या बहुतेकांनी ते कधी हातातही धरलेले नसते. ज्यांच्याकडे ते आहे, त्यांच्यापैकी अनेकांच्या दातांवर ते नीट बसत नाही. या लेखाचा रोख या दुसऱ्या गटाकडे अधिक आहे, कारण नीट न बसणाऱ्या गार्डचा खेळाडूला त्रास होतो, पण संरक्षण मिळत नाही; मग तो काही दिवसांत ते काढून ठेवतो आणि याचा काही उपयोग नाही, असे संघातील इतरांनाही सांगतो.

उपयोग निश्चित आहे. न्यूझीलंडमधील रग्बीत 1997 साली 19 वर्षांखालील खेळाडूंना आणि 1998 पासून देशांतर्गत सर्व स्तरांवर गार्ड सक्तीचे झाले. रग्बीत झालेल्या दातांच्या दुखापतींसाठी तेथील अपघात भरपाई यंत्रणेकडे येणारे दावे 1995 ते 2003 या काळात 43 टक्क्यांनी घटले. वरच्या पुढच्या दातांवर येणारा आघात एका दातावर न एकवटता मोठ्या भागावर पसरावा, ओठ आणि गाल दातांच्या कडांनी कापले जाऊ नयेत, आणि हनुवटीवर खालून फटका बसला तर वरच्या-खालच्या दाढा एकमेकींवर आदळू नयेत, ही गार्डची तीन मुख्य कामे आहेत. ती सगळी त्याच्या जाडीवर आणि दातांवरील पकडीवर अवलंबून असतात, हे लक्षात घेतले की पुढच्या चुका आपोआप कळू लागतात.

सर्वांत मोठी चूक : घरी गार्ड बसवताना केलेली घाई

क्रीडासाहित्याच्या दुकानात ‘टीथ गार्ड’ मागितले की साधारणपणे दोन प्रकार समोर येतात. पहिला तयार आकाराचा, पाकिटातून काढून थेट तोंडात घालायचा. तो कोणाच्याच दातांना नेमका बसत नाही आणि जागेवर राहावा म्हणून दात सतत आवळून धरावे लागतात. तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरा प्रकार गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवण्याचा, ज्याला दुकानदार ‘बॉइल अँड बाइट’ म्हणतात. हौशी खेळाडूला तो परवडतो आणि काळजीपूर्वक बसवला तर पुष्कळसा उपयोगीही पडतो. अडचण अशी की सामन्याच्या आदल्या रात्री, पाकिटावरील सूचना न वाचता, गॅसवर उकळत असलेल्या पाण्यातच गार्ड टाकले जाते आणि ते वेडेवाकडे होऊन बाहेर येते. नाहीतर ते पुरेसे मऊ होण्याआधीच बाहेर काढले जाते आणि त्यावर दातांचे ठसे उमटतच नाहीत.

ही गार्ड बहुधा इथिलीन व्हिनाइल अॅसिटेट या प्लास्टिकची असतात. ते उष्णतेने मऊ होते आणि थंड होताना घेतलेला आकार धरून ठेवते. म्हणून पाणी उकळल्यावर गॅस बंद करावा, अर्धा-एक मिनिट थांबावे आणि पाकिटावर दिलेल्या सेकंदांपुरतेच गार्ड झाऱ्यावर ठेवून पाण्यात बुडवावे. बाहेर काढल्यावर तोंड भाजू नये म्हणून त्यावरील गरम पाणी झटकून टाकावे आणि ओठाला टेकवून ते सोसवण्याइतके निवले आहे याची खात्री करावी. नंतर आरशासमोर उभे राहून गार्डचा मध्य वरच्या दोन पुढच्या दातांच्या मधोमध येईल असे ते बसवावे, बोटांनी बाहेरच्या बाजूने दातांवर आणि हिरडीवर दाबावे, ओठ मिटून आतील हवा ओढून घ्यावी आणि जीभ टाळूकडे जोराने रेटावी. गार्ड दातांना चिकटते ते या ओढण्याने आणि रेटण्याने, दात आवळल्याने नाही.

नेमकी येथेच सर्वाधिक हानी होते. खेळाडू मऊ झालेल्या गार्डवर पूर्ण ताकदीने चावतो, प्लास्टिक दाढांखालून बाजूला सरकते आणि जेथे पुरेशी जाडी हवी तेथेच पापुद्रा उरतो. पुढच्या दातांसमोर सुमारे 3 ते 4 मिलिमीटर जाडी राहिली पाहिजे. पारदर्शक गार्ड असेल तर बसवून झाल्यावर ते खिडकीच्या उजेडासमोर धरून पाहावे. पुढचा भाग एकसारखा धूसर दिसत असेल आणि दाढांच्या ठशांच्या तळाशी मात्र काचेसारखे स्वच्छ ठिपके दिसत असतील, तर तेथे प्लास्टिक जवळपास उरलेलेच नाही. असे गार्ड पुन्हा उकळून दुरुस्त होत नाही. प्रत्येक वेळी गरम केल्यावर ते आणखी पातळ होते. ते टाकून नवे घ्यावे आणि या वेळी दात हलकेच टेकवावेत.

ज्यांना नियमित स्पर्धा खेळायच्या आहेत, त्यांनी दंतवैद्याकडून दातांचे माप देऊन गार्ड करून घेणे सर्वांत चांगले. मापावरून प्लास्टरचा साचा तयार होतो आणि त्यावर तापवलेली प्लास्टिकची शीट दाबाने बसवली जाते. दोन थरांचे गार्ड असेल तर जाडी अधिक खात्रीने राखता येते. खर्च दुकानातील गार्डच्या कितीतरी पट आहे, हे खरे. पण तुटलेल्या एका पुढच्या दाताची रूट कॅनाल आणि वरची कॅप यांचा खर्च, शिवाय त्यासाठी माराव्या लागणाऱ्या फेऱ्या लक्षात घेता तो मला कधीच जास्त वाटला नाही.

ढिले गार्ड, अडखळते बोलणे आणि मळमळ

गार्ड घालून तोंड उघडले की ते खाली पडत असेल, तर ते बसलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. नीट बसलेले गार्ड दात न आवळता वरच्या दातांवर टिकून राहते. कबड्डीपटूंसाठी याची एक सोपी परीक्षा आहे. गार्ड घालून एका दमात तीस सेकंद, म्हणजे एका चढाईचा पूर्ण वेळ, ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणावे. शब्द स्पष्ट येत असतील आणि जिभेने गार्ड मागे ढकलावे लागत नसेल, तर ते सामन्यात घालण्याजोगे आहे. दम तुटतो म्हणून गार्ड नको, ही कबड्डीतील नेहमीची तक्रार बहुतेक वेळा ढिल्या गार्डची असते. चढाई करणाऱ्याच्या तोंडावर साखळी करून पकडीला आलेल्यांची कोपरे आणि डोकी किती सहज आदळतात, हे खेळाडूंना सांगण्याची गरज नाही.

मळमळ होते म्हणून काही मुले गार्डचा मागचा भाग कात्रीने कापत जातात आणि शेवटी ते सुळ्यांपर्यंतच उरते. गार्ड निदान पहिल्या कायम दाढेपर्यंत पोहोचले पाहिजे, नाहीतर हनुवटीवरचा फटका दाढांना तसाच लागतो आणि एवढा लहान तुकडा निसटून घशात जाण्याचाही धोका असतो. मागची कड शेवटच्या दाढेच्याही मागे जात असेल तर तेवढीच, थोडी थोडी कापावी आणि कडा गुळगुळीत करावी. वरच्या ओठाच्या आतील मधल्या पट्टीला गार्ड टोचत असेल, तर तेथे लहानशी खाच करावी. उरलेली मळमळ सवयीने जाते. सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा घालण्याऐवजी आधीचे काही दिवस घरी अभ्यास करताना किंवा दोरीवरच्या उड्या मारताना ते घालून पाहावे.

विकत घेण्याआधी रंगाकडेही पाहावे. आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंगच्या नियमांत लाल किंवा अंशतः लाल गार्डला मनाई आहे, कारण पंचांना तोंडातील रक्त ओळखता यावे लागते. तायक्वांदोमध्ये पांढरे किंवा पारदर्शकच चालते. स्पर्धेच्या सकाळी हे कळणे फार त्रासाचे ठरते.

नागपूरचा उन्हाळा आणि गाडीची डिक्की

मे 2013 मध्ये नागपुरात 47.9 अंश तापमानाची नोंद झाली होती. एप्रिल-मे हेच आपल्याकडे उन्हाळी शिबिरांचे महिने. सकाळचा सराव आटोपून मुलगा गार्ड किटबॅगेत टाकतो, बॅग गाडीच्या डिक्कीत जाते आणि गाडी दुपारभर उन्हात उभी राहते. बंद डिक्कीच्या आतील तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी वर जाते आणि तेवढ्या उष्णतेत हे प्लास्टिक हळूहळू आकार सोडते. वरकरणी काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी गार्ड घातल्यावर एका बाजूने उचलल्यासारखे वाटते आणि खेळाडू समजतो की आपल्यालाच त्याची सवय राहिली नाही. उन्हाळ्यात गार्ड ढिले झाल्याची तक्रार आली की मी आधी ते कोठे ठेवले होते, हे विचारतो. ते हवेची भोके असलेल्या कडक डबीत, सावलीत ठेवावे आणि बॅग गाडीत सोडू नये. गरम पाण्याने धुणे हीसुद्धा हीच चूक आहे.

वाढत्या वयातील दात, तारा आणि खर्रा

साधारण सहा ते बारा या वयात दुधाचे दात पडून कायमचे येत असतात. मागच्या हंगामात बसवलेले गार्ड या हंगामात नव्या दातावर दाब देते, म्हणून या मुलांचे गार्ड दर हंगामाला तपासून घेणे भाग आहे. पालकांना हा वारंवारचा खर्च वाटतो. या वयात मापाचे महागडे गार्ड करून घेण्याऐवजी चांगल्या दर्जाचे गरम पाण्याचे गार्ड घेऊन गरजेनुसार बदलणे मला अधिक योग्य वाटते.

दातांना तारा लावल्या असतील तर मात्र साधे बॉइल अँड बाइट गार्ड घरी बसवण्याचा प्रयत्न अजिबात करू नये. मऊ प्लास्टिक दातांवर चिकटवलेल्या ब्रॅकेटभोवती जाऊन घट्ट बसते आणि काढताना तार किंवा ब्रॅकेटही निघते. तारांसाठी आत मोकळी जागा असलेली वेगळी गार्ड असतात. तारा लावणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ती घ्यावीत. काढता-घालता येणारे कृत्रिम दात असतील तर ते मैदानावर उतरण्याआधी काढून ठेवावेत.

खर्ऱ्याविषयी, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाविषयी, लिहिल्याशिवाय विदर्भातील खेळाडूंसाठीचा हा लेख पूर्ण होणार नाही. सुपारी आणि तंबाखू सतत तोंडात ठेवल्याने गालांच्या आतील त्वचा ताठर होत जाते आणि तोंड उघडणे कमी होते. याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि पुढे त्यातून कर्करोग होण्याचा धोका असतो. एकावर एक धरलेली स्वतःची तीन बोटे दातांमध्ये सहज मावत नसतील किंवा गार्ड घातल्यावर गालाच्या आत सतत आग होत असेल, तर दोष गार्डमध्ये शोधू नये. खर्रा त्याच दिवशी बंद करून दंतवैद्याला तोंड दाखवावे. प्रशिक्षकांनी आपल्या मुलांची ही साधी तपासणी अवश्य करावी.

स्वच्छता आणि अदलाबदल

वापरल्यावर गार्ड थंड पाण्याने धुवावे, मऊ ब्रश आणि साध्या साबणाने घासावे आणि वाळवून डबीत ठेवावे. ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवलेल्या गार्डवर जंतू आणि बुरशी वाढते. एकाचे गार्ड दुसऱ्याने धुऊन वापरणे हे सरावात सर्रास चालते आणि ते थांबलेच पाहिजे, कारण लाळेबरोबर हिरड्यांचे रक्तही त्यावर येते आणि हिपॅटायटिस बीसारखा आजार रक्तावाटे पसरतो. गार्ड चघळण्याची सवय असेल तर ते काही आठवड्यांतच फाटते. कड फाटलेले किंवा भोक पडलेले गार्ड त्याच दिवशी बदलावे.

गार्डने मेंदूचे रक्षण होत नाही

गार्ड घातल्यामुळे डोक्याला बसणाऱ्या धक्क्याचा धोका टळतो, असे खात्रीने सांगता येत नाही. डोक्याला मार लागल्यावर खेळाडू गोंधळलेला दिसला, त्याला उलटी झाली, डोके दुखू लागले किंवा तोल जाऊ लागला, तर गार्ड असो वा नसो, त्याला लगेच खेळातून बाहेर काढून डॉक्टरांकडे न्यावे आणि त्या दिवशी पुन्हा उतरवू नये.

दात निखळलाच तर

गार्ड असूनही कधी कायमचा दात मुळासकट बाहेर येतो आणि त्यानंतरच्या काही मिनिटांतील चुका दात गमावण्यास पुरेशा असतात. दात शोधून पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने हलकेच धुवावी. तेही नसेल तर नळाच्या थंड पाण्याखाली क्षणभर धरावा, पण घासू नये. मुळावरील पेशी कोरड्या हवेत लवकर मरतात, म्हणून खेळाडू शुद्धीवर आणि शांत असेल तर दात लगेच त्याच्या जागी बसवून त्यावर स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगणे सर्वांत उत्तम. ते जमत नसेल तर दात थंड दुधात ठेवावा. मैदानाबाहेरच्या चहाच्या टपरीवर दुधाची पिशवी मिळतेच, तेथे आधी माणूस धाडावा. कागदात किंवा रुमालात कोरडा गुंडाळलेला आणि तासाभरानंतर आणलेला दात पुन्हा रुजण्याची शक्यता फारच कमी उरते. नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे, पण सामने संध्याकाळी आणि रविवारी होतात, तेव्हा त्या वेळी कोण उपलब्ध असेल हे आयोजकांनी आधीच विचारून ठेवून तो फोन नंबर गुणलेखकाच्या टेबलावर लिहून ठेवावा. निखळलेला दात दुधाचा असेल तर तो परत बसवू नये, कारण त्याने हिरडीत तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. मात्र मुलाला दंतवैद्याकडे त्याच दिवशी न्यावे आणि दातही सोबत न्यावा, म्हणजे तो पूर्ण निघाला आहे की तुकडा आत राहिला आहे, हे पाहता येते.