मॅटर छापायला आणताय? आधी कागद दाखवा

सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा जवळ आली की साखर पेठेतल्या आमच्या छपाईच्या दुकानाचं शटर वर जायच्या आधीच माणसं उभी असतात. हातात कुठल्यातरी बिलाच्या पाठीवर लिहिलेलं मॅटर आणि तोंडात एकच वाक्य, "वहिनी, संध्याकाळपर्यंत पाहिजे." सासऱ्यांच्या वेळी इथं ट्रेडल मशीन होतं, आता हँडबिल ऑफसेटवर नि बाकी सगळा फ्लेक्सचा धंदा. बावीस वर्षं मी लोकांच्या जाहिराती कंपोज करते. त्यातली कुठली ओळ चालते आणि कुठली अंगाशी येते, हे घरी बसून कसं तपासायचं ते सांगते. माझी रात्री नऊची करेक्शनं तरी वाचतील.

मागच्या वर्षी एक चटणीवाले मालक आले. मॅटर असं होतं: "सोलापूरची नं. १ शेंगा चटणी! १००% शुद्ध! शुगर, कोलेस्टेरॉल कंट्रोलमध्ये! फक्त ९० रुपये! १ किलोवर पाव किलो मोफत*". मी लाल पेन घेतला.

"नं. १" कुणी ठरवलं? "सोलापूरची शान" लिहा, शान कुणी मोजत नाही. पण नंबर म्हटला की तो मोजलेला असावा लागतो आणि विचारलं तर पुरावा द्यावा लागतो. मालक म्हणाले, "सगळेच लिहितात की." खरंय, लिहितात.

"शुद्ध" हा शब्द खाद्यपदार्थांच्या जाहिरातींच्या २०१८ च्या नियमांत बांधलेला आहे. एकाच घटकाचा पदार्थ असेल, त्यात दुसरं काही घातलेलं नसेल, तरच तो शुद्ध म्हणवता येतो. चटणीत शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ. म्हणजे ती कितीही चांगली असली तरी कागदावर "शुद्ध" नाही. शुगरची ओळ तर मी सरळ खोडली. खाण्याच्या वस्तूनं आजार बरा होतो किंवा टळतो असं छापायचं नाही. अन्न सुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. चटणी विकून तो फेडायचा म्हणजे किती पोती शेंगदाणे कुटावे लागतील, हिशोब करा.

राहिले ९० रुपये. पण किती चटणीचे? पॅकबंद वस्तूची किंमत जाहिरातीत टाकली की निव्वळ वजनही टाकावं लागतं, हे वजनमाप कायद्यात, २००९ च्या, स्पष्ट आहे. बहुतेक हँडबिलांत नेमकं हेच राहून जातं. शेवटी छापलं ते असं: "उखळात कुटलेली शेंगा चटणी. शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ. २५० ग्रॅम ९० रुपये, सर्व कर धरून." खाली चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक. "उखळात" लिहिण्याआधी मी उखळाचा फोटो मागितला होता. त्यांनी मोबाइलवर तिथल्या तिथं दाखवला.

आता त्या "मोफत"चं आणि डोक्यावरच्या स्टारचं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२२ मध्ये आली. मोफत म्हणायचं तर विकत घ्यायच्या वस्तूची किंमत त्यासाठी वाढवायची नाही, तिचा दर्जा उतरवायचा नाही आणि पॅकिंगचे पैसे वेगळे लावायचे नाहीत. चादरीवर टॉवेल फुकट देणाऱ्यांनी चादरीचा आदल्या महिन्याचा भाव आठवून बघावा.

स्टारबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. वर मराठीत ठसठशीत "५०% सूट" आणि तळाला सहा पॉइंटाच्या बारीक अक्षरात इंग्रजीत अटी, की झालं, असं त्यांना वाटतं. चालत नाही. दावा ज्या भाषेत, अट त्याच भाषेत, त्याच फॉन्टमध्ये, नजरेत भरेल अशी हवी. शिवाय वरचा दावाच खोटा असेल तर तळाची अट त्याला दुरुस्त करू शकत नाही. वीसच साड्या असतील तर ९९ रुपयांची साडी मथळ्यात घालून गर्दी जमवायची नाही. पुरेसा माल ठेवा, नाहीतर "फक्त २० नग" हे मथळ्याजवळच छापा.

हे सगळं ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली येतं. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केलंत तर ५० लाखांपर्यंत दंड लावू शकतं. जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध चेहऱ्यालाही तो लागू आहे. त्यामुळे पैसे किंवा फुकट थाळी घेऊन हॉटेलचं रील करणाऱ्या पोरांनीही ही जाहिरात आहे असं सांगायला हवं. आमच्यासारख्या छापणाऱ्यांना थोडी सवलत आहे. नेहमीच्या धंद्याच्या ओघात छापलं हे सिद्ध केलं तर दंड टळतो. मात्र जाहिरात मागे घ्यायचा आदेश निघालाय हे माहीत असून छापलं, तर सुटका नाही.

औषधांचं प्रकरण वेगळं, आणि ते मी पोळून शिकले. बारा-तेरा वर्षांपूर्वी लॉजवर खोली घेऊन औषध देणारा एक जण आला. मधुमेह, मुतखडा, कोड, लकवा, सगळं "२१ दिवसांत गॅरंटी". पाच हजार हँडबिलं. निम्मे पैसे दिले, निम्मी बंडलं नेली आणि गायब. आठवड्यानं तपासणीला साहेब आले. हँडबिलाच्या तळाशी आमच्या प्रेसचं नाव होतं, सासऱ्यांची शिस्त. साहेबांनी १९५४ चा कायदा समोर ठेवला, औषधे व जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. त्याच्या यादीत मधुमेह, मुतखडा, कोड, लकवा तर आहेतच, पण मोतीबिंदू, लठ्ठपणा, रक्तदाब, उंची वाढवणं हेही आहे. आणि जाहिरातीच्या प्रसिद्धीत "भाग घेणं" याच्या व्याख्येत छापणंही येतं, असं सरळ लिहिलंय. उरलेली बंडलं दिली, लेखी जबाब दिला. बाकीचे पैसे बुडाले ते बुडालेच. तेव्हापासून आजाराचं नाव आणि गॅरंटी एका कागदावर दिसली की मी कागद परत करते. ताईत, मंत्राच्या ताकदीचं कवच, तेही त्याच कायद्यात.

चादरीवाल्यांनी एवढं करावं. "सोलापुरी चादर" आणि सोलापूरचा टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव इथल्याच मालाला. पानिपतच्या मालावर ते नाव छापणं गुन्हा आहे, किमान सहा महिने कैद. तेव्हा ज्या कारखान्यातून माल उचललात त्याचं बिल मला दाखवा. मंगळवेढ्याची ज्वारी आणि सोलापूरचं डाळिंब यांनाही हेच मानांकन आहे.

प्लॉटवाल्यांनी महारेराचा, म्हणजे प्लॉट-फ्लॅटचे प्रकल्प नोंदवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड घेऊनच यावं, क्यूआर १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा आहे. क्लासवाल्यांसाठी नोव्हेंबर २०२४ पासून वेगळे नियम आहेत. मुलाचा फोटो लावायचा तर निकालानंतर घेतलेली त्याची लेखी संमती हवी, आणि त्यानं तुमच्याकडे नेमका कुठला कोर्स, किती दिवस केला तेही फोटोजवळ यायला हवं. शेवटचे पंधरा दिवस मुलाखतीच्या तयारीला आलेलं पोर वर्षभर तुमचंच होतं असं दाखवू नका.

फोटोवरून सगळ्यात जास्त वाद होतो तो महाराजांच्या. १९५० च्या बोधचिन्हं व नावांच्या कायद्यात छत्रपती शिवाजी महाराज, गांधीजी, नेहरू, इंदिरा गांधी आणि पंतप्रधान यांचं नाव किंवा चित्र धंद्यासाठी वापरायला बंदी आहे. सवलत आहे ती कॅलेंडरला, तीही त्यावर बनवणाऱ्याचं नि छापणाऱ्याचं फक्त नाव असेल आणि मालाची जाहिरात नसेल तर. शिवजयंतीला "भव्य सेल" आणि मागे महाराज, अशी डिझाइन दरवर्षी येतात. मी महाराज काढते. गिऱ्हाईक रागावतं, शेजारच्या गल्लीत जातं.

फ्लेक्स चौकात लावायची महापालिकेची परवानगी तुमची तुम्ही काढायची, ते काम माझ्याकडे नाही. मी प्रूफ देते. ते दोनदा वाचा. आकडे, वजन, तारीख, अटी बघा आणि खाली तारखेसह सही करा. एक प्रत तुमच्याकडे, एक माझ्या फाइलीत. "वहिनी, आमच्यावर विश्वास नाही काय?" असं दर दुसरा माणूस म्हणतो, आणि मी पेन पुढे करते.