शेळ्यांसाठी गोळी पेंड घेताय? मग निदान या चुका टाळा

मुरबाड, शहापूर, बदलापूर पट्ट्यात हल्ली जिकडे बघावं तिकडे शेळ्यांच्या शेड झाल्यात. मालक बहुतेक ठाण्यात नाहीतर ऐरोली-घणसोलीला नोकरीला, शनिवारी रात्री येणार, रविवारी व्हिडिओ काढणार आणि सोमवारपासून सगळं गड्याच्या हवाली. त्याला माझी हरकत नाही, पण मग मेसेज येतो, "दादा कुठली गोळी पेंड बेस्ट, फक्त नाव सांगा." मी नाव सांगत नाही. एकाच कंपनीची गोणी दिवाळीत वेगळी निघते आणि आषाढात वेगळी, कारण मका, सरकी, डीओआरबी (तेल काढलेला भाताचा कोंडा) यातलं जे स्वस्त मिळेल त्याप्रमाणे मिश्रण हलतं. नाव पाठ करून काही होत नाही, गोणी बघता आली पाहिजे.

फक्त प्रोटीनचा आकडा बघणं

"यात 20 टक्के आहे, त्यात 16च, मग 20वालीच घेतो ना." सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य. अहो पण लॅबमध्ये प्रोटीन थेट मोजतच नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणतात. युरियात नायट्रोजन असतो 46 टक्के, म्हणजे पेंडीत 1 टक्का युरिया घातला की लेबलवर जवळपास 3 टक्के "प्रोटीन" फुकटात वाढतं. मोठ्या रवंथ करणाऱ्या जनावराला थोडा युरिया चालतो, त्याच्या पोटातले जंतू त्याचा वापर करतात, पण करडांचं पोट तेवढं तयारच नसतं आणि तुम्ही तीच गोळी दोन महिन्यांच्या करडांपुढे टाकता. गोणीवर युरियाचा उल्लेख असेल तर ती करडांना नाहीच.

उल्लेख नसेल आणि शंका असेल तर माझी सवय सांगतो. मूठभर गोळी कुटायची, त्यात कच्च्या सोयाबीनचं पीठ आणि कोमट पाणी घालून बरणी घट्ट लावून अर्धा तास उबेला ठेवायची. झाकण उघडल्यावर नाकात अमोनियाचा भपकारा आला तर समजून जा, युरिया आहे. सोयाबीन कच्चंच पाहिजे, भाजलेलं चालत नाही. आणि याच कारणाने युरियावाल्या पेंडीत कच्चं सोयाबीन भरडून कधी मिसळू नका, तोच अमोनिया शेळीच्या पोटात एकदम तयार होतो.

प्रोटीनच्या खालच्या ओळी कुणी वाचतच नाही. तंतू किती, ओलावा किती (11 टक्क्यांच्या वर नको), आणि आम्लात न विरघळणारी राख किती. ही राख म्हणजे सरळ भाषेत वाळू, माती आणि भाताचं तूस. आपल्याकडे राइस मिल भरपूर, तूस स्वस्त, दळून घातलं तर कुणाला दिसत नाही. गोळी ग्लासभर पाण्यात विरघळू द्या, वरचं हळूहळू ओतून टाका आणि तळाला काय राहतं ते बोटाने चोळून बघा. कचकच लागली की पुढच्या वेळी दुसरी गोणी. काळी चकचकीत गोळी बघून भुलणारे पण खूप आहेत, तो मळीचा (मोलॅसिसचा) रंग असतो. मळीला चव असते, पण तिने गोळीतलं तूस कमी होत नाही.

बोकडांना दुभत्या गाईची गोळी, वर गव्हाचा भुसा

इथे मात्र माझं डोकंच फिरतं. माझ्या ओळखीतला एकजण, राहायला घोडबंदर रोडला, शेड मुरबाडच्या पुढे. बकरी ईदसाठी खच्ची बोकड तयार करत होता. कुणीतरी सांगितलं होतं की चाऱ्याने नुसतं पोट सुटतं, वजन गोळीने येतं. मग काय, गाईची गोळी, मक्याचा भरडा आणि वरून गव्हाचा भुसा म्हणजे कोंडा, दोन्ही वेळेला घमेलं भरून, आणि चारा नावाला. बोकड दिसायला लागले एकदम झकास, फोटोला लाइक पण भरपूर. ईदला महिना राहिला असताना त्यातला सगळ्यात देखणा पाय फाकवून कुंथायला लागला, सारखं शेपूट हलवणं, दात खाणं, मधूनच मोठ्याने ओरडणं. गडी म्हणाला पोट बांधलंय, पाजा तेल. तेल पाजलं. तेलात एक अख्खा दिवस गेला.

पोट नव्हतं बांधलं, लघवी बंद होती. मुतखडा. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, बोकडाच्या लिंगाच्या टोकाला दोऱ्यासारखी बारीक नळी असते, खडे बऱ्याचदा तिथेच अडकतात, ती कापली तेव्हा थोडी धार आली पण वरही खडे होते. मूत्राशय फुटून गेला तो. तीनचार दिवसांत त्याच कळपातला दुसरा कुंथताना दिसला, त्याला लगेच दाखवलं म्हणून वाचला, तरी ईदपर्यंत विकण्यासारखा राहिला नाही. मालक मला विचारतो, "दादा, पेंडीत भेसळ होती का?" भेसळ कसली, पेंड चांगलीच होती, पण गाईसाठी!

गणित असं आहे की खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट तरी लागतं. धान्यात आणि गव्हाच्या भुशात ते उलटं असतं, भुशात फॉस्फरस 1 टक्क्याच्या आसपास आणि कॅल्शियम त्याच्या पाव पण नाही. जास्तीचा फॉस्फरस लघवीत उतरतो, त्याचे खडे होतात, आणि लहानपणीच खच्ची केलेल्या बोकडाची मूत्रनळी आधीच बारीक राहिलेली असते. शेळीला तोच खुराक दिला तर ती बहुतेक निभावून नेते, म्हणून लोकांना वाटतं खुराकात काही चूक नाही.

मी बोकडांसाठी घेताना गोणीवर कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही लिहिलेत का ते आधी बघतो. लिहिलं नसेल तर दुकानदाराला कंपनीला फोन लावायला सांगतो, तो कंटाळतो, कंटाळू दे. वेगळा भुसा बंद. निम्म्याहून जास्त खाणं चाराच, सुबाभूळ, फणसाचा पाला, वाळलेली वैरण जे असेल ते. मीठ चाटायला कायम, आणि पाणी दोनदा बदललेलं, शेवाळलेल्या टाकीतलं नाही, कारण पाणी कमी प्यायलं की लघवी घट्ट होते आणि खड्यांना सोपं जातं. चांगल्या बोकडांच्या गोळीत नवसागर टाकलेला असतो तो याचसाठी, पण म्हणून किराणा दुकानातून आणून अंदाजे मुठीने टाकू नका, डॉक्टरला विचारून.

जूनमध्येच गणपतीपर्यंतचा साठा भरणं

टेम्पोचं भाडं वाचतं म्हणून वीस गोण्या एकदम आणायच्या, पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकवून थेट लादीवर रचायच्या, आणि बाहेर आपला ठाण्याचा पाऊस. खालच्या दोन गोण्या ऑगस्टपर्यंत गुठळ्या होऊन कुबट वास मारतात. मग कुणीतरी सल्ला देतो, उन्हात वाळवा आणि घाला. बुरशी मरेल हो, पण तिने सोडलेलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तसंच राहतं, ते उन्हाने काय, गोळी बनवतानाच्या वाफेनेही जात नाही. लिव्हरवर जातं ते. शेळ्या खाणं कमी करतात, वजन थांबतं, आणि मालक लिव्हर टॉनिकच्या बाटल्या आणत बसतो, त्यात पेंडीपेक्षा जास्त पैसे जातात. पावसाळ्यात दोन आठवड्यांपुरतीच घ्यायची, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब. कुबट वास आला की ती गोणी खड्ड्यात. कोंबड्यांना पण नको.

बाकीच्या पटापट. जुनी गोळी संपली म्हणून सकाळी एकदम नवीन सुरू करणं, याने पोट फुगतं, आंत्रविषार होतो, करडं रात्रीत जातात, सात ते दहा दिवस जुन्यात नवी मिसळत जा आणि आंत्रविषाराची म्हणजे ईटीची लस वेळेवर द्या. गाईची 8 एमएमची जाड गोळी करडांना, ती कुरतडून टाकून देतात नाहीतर घशात अडकते, त्यांना बारीकच. कोंबडीखाद्य स्वस्त पडतं म्हणून शेळीला, नाही म्हणजे नाही. गोणीत चुरा जास्त असेल तर शेळी फुंकून बाजूला करते आणि तुम्ही 50 किलोचे पैसे देऊन 42 किलो खाऊ घालता. आणि मोठ्या शेळीला रोज 250 ते 300 ग्रॅम पुरतं, गाभणीला शेवटच्या महिन्यात आणि दूध पाजतीला थोडं वाढवायचं, गड्याला "अंदाजे घाल" सांगायचं नाही, मापाचा डबा आणून द्या.

दुकानात गोणी उघडून हात घालू द्या म्हटलं आणि दुकानदाराने तोंड वाकडं केलं तर मी तिथून घेतच नाही. गोणीची तारीख तीन महिन्यांच्या आतली पाहिजे, पावसाळ्यात त्याहून कमी, आणि शिवण परत मारलेली दिसली तर किती पण डिस्काउंट देऊ दे.