त्सुनामीचं पाणी शिरलेली विहीर: किती उपसायची, कुठे थांबायचं

२६ डिसेंबर २००४ च्या लाटेनं श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर, बट्टिकलोआ-अंपारा भागात, हजारो उघड्या विहिरी खाऱ्या केल्या. घरची माणसं गमावलेल्यांना प्यायचं पाणीही टँकरमधून घ्यावं लागलं. साहजिकच पंप लावून विहिरी पुन्हा पुन्हा उपसल्या गेल्या आणि कित्येक विहिरी त्यामुळे आणखी खारावल्या.

वाळूच्या किनाऱ्यावर गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्यावर तरंगतं. गोड्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल, तर ढोबळ हिशेबानं खाली ४० मीटरपर्यंत गोडं सापडतं. पातळी ओढून खाली नेली की खालचं खारं वर चढतं. म्हणून विहीर एकदाच उपसायची, तीही सावकाश.

आधी मेलेली जनावरं, कचरा काढा. पंप लहान घ्या. कठड्यालगतची वाळू ढासळताना दिसली की लगेच बंद करा. उपसलेलं पाणी लांब उताराला सोडा, जवळ सोडलं तर ते मुरून परत विहिरीतच येतं. पेट्रोल-डिझेलचा पंप विहिरीत उतरवू नका, त्याच्या धुरानं आत उतरलेला माणूस गुदमरून मरतो. तळाचा गाळ काढून भिंती घासा.

बुडालेल्या संडासांची घाण विहिरीत आलेली असते, त्यामुळे टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकावीच लागते. पाणी निवळल्यावरच टाका. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्ची पडतो. १.५ मीटर व्यास आणि २ मीटर पाणी म्हणजे साधारण ३,५०० लिटर. त्याला ३० टक्के क्लोरीनची सुमारे २३५ ग्रॅम पावडर लागते. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी विहिरीत ओता, पोहऱ्यानं ढवळा. किमान अर्धा तास, जमल्यास रात्रभर थांबा. क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅमपर्यंत उतरल्याशिवाय पाणी वापरू नका. पावडर जुनी, ओलसर असेल तर हा हिशेब चुकतो.

यानं जंतू मरतात, मीठ जात नाही. उकळल्यानं तर खारटपणा वाढतोच. पाणी मचूळ लागतंय तोवर पिण्या-रांधण्यासाठी, विशेषतः तान्ह्या बाळांसाठी आणि रक्तदाबाच्या रुग्णांसाठी, टँकरचंच पाणी ठेवा. विहिरीचं धुण्याभांड्याला वापरा, पण पोहऱ्यानंच काढा. मीठ धुऊन काढतो तो पाऊस, आणि त्याला एखाददुसरा पावसाळा तरी द्यावा लागतो. दर महिन्याला, पाणी काढण्याआधी सकाळीच टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजून लिहून ठेवा. तो लिटरला १,००० मिलिग्रॅमच्या खाली टिकून राहिला आणि जंतूंची तपासणी चांगली आली की पिण्याचा विचार करा.