हिरा शोधायचा तर आधी गार्नेट ओळखा

उमरेड-कामठीच्या कोळशाच्या पट्ट्यात वाढलेल्या मुलांनी जिऑलॉजीला प्रवेश घेतला की पहिल्यांदा एक गोष्ट विसरावी: कोळसा दाबला की हिरा होतो. आपला कोळसा २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या झाडपाल्याचा. बहुतेक हिरे १०० ते ३५० कोटी वर्षांचे. तेव्हा जमिनीवर झाडच नव्हतं, तर कोळसा कुठून येणार?

हिरा बनतो प्रावरणात, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थरात, साधारण १५० ते २०० किलोमीटर खोल. दाब ४५ ते ६० किलोबार, तापमान ९०० ते १३०० अंश सेल्सिअस. त्या खोलीवर तापमान याहून बरंच जास्त असेल तर कार्बन ग्राफाइट म्हणूनच राहतो. म्हणून जाड, जुनं आणि मुळाशी थंड असलेलं क्रेटॉन, म्हणजे खंडाचा प्राचीन, स्थिर गाभा लागतो. तिथून वर येणारा किंबरलाइट किंवा लॅम्प्रोइट हा ज्वालामुखीय खडक हिऱ्याची गाडी आहे, जन्मस्थान नाही. तोंडी परीक्षेत हमखास चुकतं ते इथेच. शिवाय बहुतेक किंबरलाइट रिकामेच निघतात.

मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात मझगवां पाइपमध्ये (पाइप म्हणजे अशा खडकाने भरलेली ज्वालामुखीची नळी) १०० टन खडकात साधारण १० कॅरेट, म्हणजे जेमतेम २ ग्रॅम हिरा असतो. आंध्रात वज्रकरूर, छत्तीसगडात बेहराडीन आणि पायलीखंड. आपल्याकडे गडचिरोलीतलं वैरागड. तिथल्या हिऱ्यांच्या खाणींचा उल्लेख मुघलकालीन नोंदींत आहे.

एवढ्या कमी प्रमाणात असलेली वस्तू थेट शोधायला जाणं म्हणजे वेळ घालवणं. शोधायचे ते तिचे सोबती, म्हणजे ही खनिजं: पायरोप गार्नेट, क्रोम डायोपसाइड, पिक्रोइल्मेनाइट (मॅग्नेशियम जास्त असलेलं इल्मेनाइट), क्रोमाइट. नाल्यात मोठ्या दगडाच्या आडोशाला, किंवा वळणाच्या आतल्या बाजूला जिथे जाड खडी अडकते, तिथे खणा. वरची बारीक वाळू बाजूला सारा, जमल्यास खालच्या खडकापर्यंत जा. २० ते ४० लिटर खडी चाळा आणि पॅनमध्ये धुवा. पॅन जोरात फिरवलं तर बारीक गार्नेट पाण्याबरोबर जातं, म्हणून शेवटची दोन पाणी हळू ओता.

प्रयोगशाळेत वाळवून आधी हातातल्या चुंबकाने मॅग्नेटाइट काढा. मग ब्रोमोफॉर्म हे जड द्रव: घनता सुमारे २.८९, म्हणून क्वार्ट्झ तरंगतं आणि गार्नेट बुडतं. हे द्रव विषारी आहे; फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं कपाट) चालू नसेल तर काम दुसऱ्या दिवशी करा.

नागपूरच्या आसपास खरी गल्लत पुढे होते. रामटेक-मनसरकडच्या मँगनीजच्या खडकात, गोंडाइटमध्ये, स्पेसार्टिन गार्नेट भरपूर असतं. शिस्ट या रूपांतरित खडकातून अल्मंडाइन गार्नेट येतं. दुर्बिणीखाली सगळीच लालसर. पायरोपचा रंग जांभळट, वाइनसारखा. पृष्ठभाग कधी संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत (हे नागपूरकरांना समजावून सांगायची गरज नाही). तरी रंगावर निकाल देऊ नका, मायक्रोप्रोब (दाण्याचं रासायनिक विश्लेषण) करा: क्रोमियम जास्त आणि कॅल्शियम कमी असलेलं गार्नेटच हिऱ्याच्या जवळचं. काळ्या दाण्यांतही तीच फसगत. दख्खनच्या बेसाल्टमधलं इल्मेनाइट पिक्रोइल्मेनाइटसारखंच दिसतं, पण त्यात मॅग्नेशियम कमी असतं.

दुसरी चूक घाणीची. आधीच्या नमुन्याची चाळणी न धुता वापरली आणि जाळीत अडकलेला एक पायरोप नव्या नमुन्यात गेला, तर पुढचा अख्खा हंगाम चुकीच्या नाल्यात जातो. प्रत्येक नमुन्यानंतर चाळणी उलटी करून ब्रशने झाडा, धुवा, मगच पुढचा क्रमांक लिहा.

नोकरीसाठी वाट लांबची नाही. जीएसआयचं (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) मध्य विभागाचं कार्यालय नागपुरात सेमिनरी हिल्सवर, खनिज शोधणारी सरकारी कंपनी एमईसीएलही त्याच भागात, भारतीय खाण ब्यूरो सिव्हिल लाइन्सला. जीएसआयमधल्या भूवैज्ञानिक पदासाठी यूपीएससीची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा द्यावी लागते. मुलाखतीला जाताना एक मात्र पक्कं ठेवा: क्रोम डायोपसाइड पाण्यात आणि हवेत लवकर झिजतं. त्याचा पाचूसारखा हिरवा, ताजा दाणा नाल्यात सापडला, तर पाइप वरच्या अंगाला, फार दूर नाही.